अकरा महिन्यांचा भाऊ, बारा महिन्यांचा फेलो

कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना महाराष्ट्र सरकार सध्या दोन दारांतून आत घेतं. एका दारावर पाटी आहे ‘मुख्यमंत्री फेलोशिप’. दुसऱ्यावर पाटी आहे ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’, म्हणजे चौकाचौकात जिला लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात ती. दोन्हीकडे पदवीधर चालतो. दोन्हीकडे मुदत ठरलेली, मुदत संपली की राम राम. पण पहिल्या दारातून गेलेल्याला महिन्याला ५६,१०० रुपये मानधन, वर ५,४०० रुपये प्रवासखर्च आणि सोबत आयआयटी मुंबईचा अभ्यासक्रम. दुसऱ्या दारातून गेलेल्याला महिन्याला १० हजार रुपये, आणि शेवटी ‘यांनी आमच्याकडे प्रशिक्षण घेतले’ असा एक कागद.

दोन दारं आहेत याला माझी हरकत नाही. पैशातल्या फरकालाही एकवेळ नाही. माझी हरकत वेगळी आहे. पहिल्या दारातून गेलेल्याला शिकवतात, दुसऱ्या दारातून गेलेल्याला वापरतात. आणि आपल्या तालुक्यातली पोरं जवळपास सगळी दुसऱ्या दारात उभी आहेत. त्यावर आज जरा लांबच लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, म्हणजे नंतर ‘पत्रकारसाहेब कुणाचे’ याची चर्चा नको. ही पोस्ट कुठल्या एका पक्षाविरुद्ध नाही. फेलोशिप २०१५ साली फडणवीस सरकारने सुरू केली. २०१९ ला सरकार बदललं, फेलोशिप बंद पडली. २०२३ ला परत सुरू झाली. म्हणजे पदवीधर पोरांनी सरकारसोबत एक वर्ष काम करावं की नाही, हे मंत्रालयात कोण बसलंय त्यावर ठरतं. शाळा, दवाखाना, एसटी सरकार बदललं तरी चालू राहतात. पोरांच्या संधी मात्र खुर्चीबरोबर येतात आणि खुर्चीबरोबर जातात. यात सगळेच आले.

आता हिशेब बघू.

फेलोशिपला राज्यभरातून ६० जण घेतात. महाराष्ट्रात तालुके ३५८. म्हणजे सहा तालुक्यांमागे एक फेलो. वय २१ ते २६. पदवीला किमान ६० टक्के. आणि एक वर्षाच्या पूर्णवेळ कामाचा अनुभव. ऑनलाइन परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. निवड कडक आहे आणि असावी. निवडून आलेली पोरं हुशारच असतात, त्यांच्याबद्दल मला एका शब्दाचंही वावडं नाही.

लाडका भाऊ २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आला. दरवर्षी १० लाख तरुणांना कामाचं प्रशिक्षण, अशी घोषणा. वय १८ ते ३५. बारावी पास असेल तर ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८ हजार, पदवीधर आणि त्यापुढे १० हजार. मुदत सहा महिने. नंतर आंदोलनं झाली, २०२५ मध्ये पाच महिने वाढवून दिले, मुदत झाली अकरा महिने.

हा अकरा आकडा नीट बघा. आपण घर भाड्याने देतो तेव्हाही करार अकराच महिन्यांचा करतो ना? का करतो, सगळ्यांना माहीत आहे. भाडेकरूने उद्या हक्क सांगू नये म्हणून. कंत्राटी माणसालाही हा आकडा तोंडपाठ असतो. आणि आता दोन्ही दारांचे नियम शेजारी ठेवून वाचा. फेलोशिपला अर्ज करायला अनुभव हवा बारा महिन्यांचा. लाडक्या भावाला सरकारने अनुभव दिला अकरा महिन्यांचा. एक महिना कमी! सरकारच्याच एका योजनेतला अनुभव सरकारच्याच दुसऱ्या योजनेच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. ज्यांनी दोन्ही योजना आखल्या त्यांच्या डोक्यातही कधी आलं नसेल, की इकडचा पोरगा तिकडे जाऊ शकतो. मला जास्त झोंबतं ते हेच.

आता पैशाचं. महिन्याचे २६ दिवस धरले तर पदवीधराला दिवसाला ३८५ रुपये पडतात. बारावीवाल्याला २३१. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर २०२४-२५ साली २९७ रुपये होता. म्हणजे बारावी शिकलेल्या पोराने सरकारी कार्यालयात खुर्चीवर बसावं तर २३१, आणि तोच पोरगा शेततळ्यावर माती काढायला गेला असता तर २९७. कुणी म्हणेल, अहो ते विद्यावेतन आहे, मजुरी नाही, शिकण्याचे पैसे आहेत. मान्य. मग माझा पुढचा प्रश्न साधा आहे. शिकवलं काय?

गेल्या दीड-दोन वर्षांत बातमीच्या निमित्ताने ज्या ज्या कार्यालयात गेलो तिथल्या प्रशिक्षणार्थींना मी हा एकच प्रश्न विचारला. कार्यालयांची नावं लिहीत नाही, कारण अडचणीत येतील ती पोरंच. उत्तरं मात्र ऐका. “सर, संगणकावर नोंदी करते.” “दाखले स्कॅन करतो.” “साहेब मीटिंगला गेले की फोन घेतो.” “लोकांचे अर्ज भरून देते.” एका एम.ए. झालेल्या मुलीने सांगितलं, “पहिल्या दिवशी विचारलं होतं काय शिकायचंय. मग कुणी परत विचारलंच नाही.” एक बी.कॉम. झालेला पोरगा म्हणाला, “झेरॉक्सचं मशीन दुरुस्त करायला शिकलो सर, ते खरंच शिकलो.” आम्ही दोघंही हसलो. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शाळांत तर आणखी वेगळं. जिथे शिक्षक कमी आहेत तिथे प्रशिक्षणार्थी थेट वर्गावर. आपल्याकडच्या एका वस्तीवर दुसरी-तिसरीची पोरं त्या ताईच्या इतकी अंगावळणी पडली, की तिचे सहा महिने संपले तेव्हा पालक विचारायला आले, “आता ताई कधी येणार?” त्या ताईने डी.एड. केलेलं, दोन वर्षं भरतीची वाट बघितलेली. तिने वर्ग सांभाळला, पोरांना वाचायला लावलं. कागदावर मात्र ती शिकवत नव्हती, ‘प्रशिक्षण घेत’ होती. कुणाकडून घेत होती? वर्गात दुसरा मोठा माणूसच नव्हता!

योजनेत म्हटलंय, सरकारी कार्यालयांना मंजूर पदांच्या ५ टक्के प्रशिक्षणार्थी घेता येतील. मंजूर पदांच्या, भरलेल्या नव्हे. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात भिंतीवरचा पदांचा तक्ता बघा. मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती. त्या रिक्त रकान्याचं ओझं ज्याच्या पाठीवर टाकलं त्याचं नाव लाडका भाऊ. जागा भरायची तर जाहिरात काढा, परीक्षा घ्या, पगार द्या, पुढे निवृत्तीचा बोजा उचला. त्यापेक्षा भाऊ परवडतो.

याच काळात आणखी एक गंमत झाली. ‘मुख्यमंत्री योजनादूत’ आठवतात? सप्टेंबर २०२४ मध्ये अर्ज मागवले. राज्यात ५० हजार योजनादूत, प्रत्येक ग्रामपंचायतीला एक, सहा महिने, महिना १० हजार, पात्रता पदवीधर. काम काय? सरकारच्या योजना लोकांपर्यंत पोचवायच्या. आणि विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला. तारखा तुम्हीच जुळवा. गावात ग्रामसेवक आहे, तलाठी आहे, आशा ताई आहे, अंगणवाडी सेविका आहे, कृषी सहायक आहे. योजना सांगायला माणसं कमी नव्हती. कमी काय होतं ते ज्याने जाहिरात काढली त्याला माहीत. मला फक्त एवढंच दिसतं, की पदवीधर पोराची पहिली नोकरी ही प्रचाराच्या हंगामातली रोजंदारी होऊन बसली.

आणि हे आजचं नाही. नावं बदलतात, गंमत तीच राहते. २००० सालापासून या राज्यात शिक्षकाला आधी तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ व्हावं लागतं. शब्द बघा किती पवित्र, सेवक! आणि त्या सेवेचं मोल प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षं महिना ६ हजार होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झालं. सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले, तासावर मोजले जातात आणि उन्हाळ्यात त्यांना घड्याळच नसतं. आपल्याकडे सेवा, अनुभव, प्रशिक्षण, मानधन हे शब्द कानावर आले की खिशावर हात ठेवायचा, असा माझा अनुभव आहे. ‘पगार’ म्हणायला लाज वाटली की ‘मानधन’ म्हणतात. त्यातला मान कुठे जातो आणि धन कुठे, हे घेणाऱ्यालाच कळतं.

माझ्या धंद्याचंही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच दिसतं. पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर जिल्ह्याच्या एका दैनिकात उमेदवारी केली. सुरुवातीचे सात महिने एक रुपया नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, “अनुभव मिळतोय ना?” पेट्रोल घरचं, फोनचं रिचार्ज घरचं, बातमी त्यांची. माझ्याबरोबर लागलेली तिघं होती. त्यातला माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारा एक जण दोन महिन्यांत सोडून गेला, कारण त्याच्या घरी पेट्रोलला पैसे नव्हते. आज तो कुठे लिहीत नाही. फुकटच्या अनुभवाची चाळण अशी असते. हुशारीवर चाळत नाही, घरच्या परिस्थितीवर चाळते. ज्याचं घर वर्षभर थांबू शकतं तो टिकतो, बाकीचे गळतात. आणि टिकलेला मग समजतो की आपण गुणावर टिकलो.

दिल्लीनेही हेच केलं. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. देशातल्या पहिल्या ५०० कंपन्या, वर्षभर काम, वय २१ ते २४, महिना ५ हजार रुपये, रुजू होताना एकदाच ६ हजार. पहिल्या फेरीत ८२ हजारांवर ऑफर गेल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले पावणेनऊ हजारांच्या आसपास. टीव्हीवरचे शहाणे म्हणाले, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. अहो, चाकण किंवा बुटीबोरीला राहायचं तर खोली, मेस आणि बस यांतच ५ हजार संपतात. आपल्याकडचा पोरगा घरून पैसे मागवून कंपनीत राबणार का? त्याच्या बापाने आता मोठ्या कंपनीला अनुदान द्यायचं का? पोरं आळशी नाहीत. पोरांना गणित येतं.

मग अशा ठरावीक मुदतीच्या सेवेला माझा विरोध आहे का? अजिबात नाही. उलट, पदवी झाल्यावर एक-दोन वर्षं आपल्या नेहमीच्या जगाबाहेर काम करणं ही पोरासाठी फार मोठी गोष्ट आहे. चांगली उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ पासून ‘निर्माण’ चालवलंय. तिथे तरुण पोरं-पोरी शिबिरांना जातात, आयुष्याचं करायचं काय हा प्रश्न घेऊन बसतात आणि मग त्यातली काही प्रत्यक्ष कामावर जातात. ‘टीच फॉर इंडिया’ २००९ ला सुरू झालं ते मुंबई-पुण्यातच. दोन वर्षं पूर्णवेळ, गरीब वस्तीतल्या मुलांच्या वर्गावर. ‘गांधी फेलोशिप’ २००८ पासून, तीही दोन वर्षांची. स्टेट बँकेची ‘यूथ फॉर इंडिया’ २०११ पासून, तेरा महिने खेड्यात राहून एखाद्या संस्थेबरोबर काम.

या सगळ्यांत दोष आहेतच. पण एक गोष्ट तिथे दिसते जी लाडक्या भावात दिसत नाही. कामावर पाठवण्याआधी शिकवतात. पाठवल्यावर कुणीतरी मागे उभं असतं, विचारतं, काय केलंस, कुठे अडलास. आणि पोराला एक प्रश्न नेमून दिलेला असतो. टेबल नव्हे, प्रश्न. या वर्गातल्या तीस पोरांना वाचता का येत नाही? या गावात पाणी असून बायकांना दोन किलोमीटर का चालावं लागतं? वर्षभर एका प्रश्नाच्या मागे लागलेला पोरगा बाहेर पडतो तेव्हा तो वेगळाच माणूस असतो. वर्षभर स्कॅनर चालवलेला पोरगा बाहेर पडतो तेव्हा फक्त एका वर्षाने मोठा असतो.

आता आपल्या तालुक्यातून या फेलोशिपला किती जातात? मी आपल्या तीनही कॉलेजांत विचारून आलो. अर्ज कसा करायचा हे सांगणारा एक प्राध्यापक एका कॉलेजात भेटला. दुसरीकडे ‘प्लेसमेंट सेल’ नावाच्या खोलीत निवडणुकीचे जुने बॅनर ठेवलेत. नोटीस बोर्डावर फीच्या शेवटच्या तारखा आहेत, पोलीस भरतीच्या खासगी क्लासची जाहिरात आहे, फेलोशिपचं नाव नाही. पोरांना माहीतच नाही की असं काही असतं. ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं, ते इंग्रजीवाल्यांसाठी, पुण्यातल्यांसाठी. आणि घरी विषय काढला तर वडील विचारतात, “म्हणजे नोकरी का? पर्मनंट का? मग सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं?” वडिलांचंही चुकत नाही. दोन एकर विकून शिकवलेल्या पोराने ‘समाज बदलायला’ जावं असं म्हणायला पोट भरलेलं लागतं.

म्हणूनच लाडक्या भावाचं एक चांगलं सांगितलंच पाहिजे. त्याने काम गावाजवळ आणलं. ज्या मुलींना घरचे पुण्याला पाठवणार नाहीत, त्या एसटीने तालुक्याला येऊन कार्यालयात बसल्या. पहिल्यांदा स्वतःच्या खात्यावर पैसे आले. साहेबांशी बोलायची भीती गेली. एक जण मला म्हणाली, “आता बापूंना पंचायत समितीत काय काम असलं की मीच येते.” ही छोटी गोष्ट नाही. योजना बंद करा असं मी म्हणतच नाही. तिला लाज वाटणार नाही अशी करा, एवढंच म्हणतोय.

आता सगळ्यात अडचणीचा मुद्दा. प्रशिक्षणार्थी आझाद मैदानावर गेले, नागपूरला अधिवेशनावर गेले, मागणी एकच, कायम करा. त्यांचा राग खरा आहे. लाखाहून जास्त पोरं कामाला लावली, राबवून घेतली, आणि एके दिवशी उद्यापासून येऊ नका. पण कायम करा ही मागणी मला पटत नाही आणि हे लिहिल्यावर माझे काही तरुण मित्र नाराज होणार, होऊ देत.

का पटत नाही? कारण रात्री अकरा वाजता आपल्या बसस्टँडमागच्या अभ्यासिकेत जाऊन बघा. पाचशे-सातशे रुपये भरून तिथे चाळीस पोरं बसलेली असतात. सरळसेवेची जाहिरात निघेल, एमपीएससीची निघेल, म्हणून चार-चार वर्षं. त्यांची जागा परीक्षेशिवाय कुणाला दिली तर ती चोरीच. सुप्रीम कोर्टानेही २००६ च्या उमादेवी खटल्यात हेच सांगितलं, की ठरलेल्या भरती प्रक्रियेबाहेर घेतलेल्यांना कायम होण्याचा हक्क मिळत नाही. पण खरा डाव इथे आहे. सरकारने जागाही भरल्या नाहीत आणि प्रशिक्षणही दिलं नाही. अभ्यासिकेतला पोरगा म्हणतो, हे लाडके भाऊ आमच्या जागा खाणार. लाडका भाऊ म्हणतो, आम्ही काम केलं आणि हे परीक्षा देऊन वर येऊन बसणार. दोघं भांडतात. दोघांचे बाप एकाच बाजारात कापूस घालतात. आणि ज्याने रिक्त रकाना रिक्त ठेवला तो दोघांच्याही सत्काराला येतो.

तेव्हा भांडायचंच असेल तर यासाठी भांडा.

एक, प्रशिक्षणार्थीला पहिल्या आठवड्यात लेखी काम द्या. काय शिकणार, कुणाकडून शिकणार, शेवटी काय हातात येणार. त्या कागदावर कार्यालयप्रमुखाची सही. तीन महिन्यांनी आणि शेवटी तपासणी. सही करायची हिंमत नसेल तर माणूस घेऊ नका.

दोन, मुदत बारा महिने करा आणि तो अनुभव मुख्यमंत्री फेलोशिपला चालेल असं नियमात स्पष्ट लिहा. एका महिन्याची ही कुचेष्टा बंद करा. सरकारी प्रमाणपत्राला सरकारच विचारत नसेल तर खासगी कंपनी कशाला विचारेल?

तीन, रिक्त पदावर प्रशिक्षणार्थी बसवायचा नाही. शाळेत वर्ग एकट्याने सांभाळायला लावलं तर ते प्रशिक्षण नाही, ती नोकरी आहे, आणि नोकरीला पगार असतो.

चार, पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांचे पैसे कधी ना कधी दोन-तीन महिने थकले होते. साहेबांचा पगार दोन महिने थकवून बघा काय होतं.

पाच, आणि ही माझी सगळ्यात मोठी मागणी. प्रत्येक तालुक्याला एक फेलो द्या. ६० नको, ३५८. त्या तालुक्यातलाच किंवा शेजारच्या तालुक्यातला, मराठीत अहवाल लिहिणारा, गावच्या ग्रामसभेत उभा राहून बोलू शकणारा. ५६ हजार नका देऊ, २५ हजार द्या. हिशेब करा, ३५८ गुणिले २५ हजार गुणिले बारा, वर्षाला पावणेअकरा कोटींच्या आत बसतं. एवढ्या पैशात आपल्याकडे रस्त्याचं नुसतं भूमिपूजन किती वेळा होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्याला एक प्रश्न द्या. या तालुक्यातली मुलगी दहावीनंतर शाळा का सोडते? ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोरांचं सहा महिने काय होतं? जलजीवनची टाकी बांधली, नळ कोरडा का? वर्षभर एका प्रश्नामागे एक शहाणा पोरगा लागला, तर आमदारालाही जी उत्तरं मिळत नाहीत ती मिळतील.

आता पोरांसाठी दोन शब्द. कुठलीही फेलोशिप, इंटर्नशिप, प्रशिक्षण असो, सरकारी असो, संस्थेची असो की माझ्यासारख्या पत्रकाराची असो, सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. मला कोण शिकवणार, त्याचं नाव काय? माझं काम लेखी मिळेल का? पैसे किती आणि कुठल्या तारखेला? तिथे राहण्या-खाण्याचा खर्च त्यात भागतो का? आणि माझ्या आधी इथे काम केलेले दोन जण आज काय करतात, त्यांच्याशी बोलता येईल का? पाचातल्या तीन प्रश्नांना ‘बघू’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. ‘बघू’ म्हणजे काय हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं.

आणि ज्यांना खरंच वर्षभर काहीतरी वेगळं करायचंय, पण घरी कसं सांगायचं कळत नाही, त्यांनी मला मेसेज करा. अर्ज कसा भरायचा, निबंध कसा लिहायचा, यासाठी रविवारी सकाळी दोन तास मी आपल्या सार्वजनिक वाचनालयात बसेन. फी नाही. चहा तुमचा. पहिल्या रविवारी पाच जण आले तरी खूप झाले. आईवडिलांना घेऊन आलात तर अजून चांगलं, त्यांच्याशी मी बोलतो.

प्राचार्य मंडळींनाही हात जोडून विनंती. ते बॅनर त्या खोलीतून काढा. नोटीस बोर्डावर एक कोपरा या संधींसाठी ठेवा. एवढं तरी करा, त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

ज्या दिवशी आपल्या तालुक्यातला पोरगा दुसऱ्या दारातून आत जाऊन, शिकून, पहिल्या दारापर्यंत पोचेल, त्या दिवशी मी या योजनेचं कौतुक करणारी याहून लांब पोस्ट लिहीन. तोपर्यंत कुणी ‘लाडका भाऊ’ म्हणालं, की मी विचारत राहणार, लाडका ना? मग अकराच महिने का?

पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर भांडा. पण तुमच्या ओळखीत कुणी प्रशिक्षणार्थी असेल तर भांडायच्या आधी त्याला एकदा विचारा, बाळा, तुला काय शिकवलं?